सेमिनरीला जाताय? मराठी घरी ठेवून जाऊ नका

आमच्या चर्चच्या मंडळीतून यंदा दोघं जण सेमिनरीला, म्हणजे पाळक (पास्टर) व्हायचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजला, निघालेत, एक मुलगा आणि एक मुलगी. गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर दोघं माझ्यासाठी थांबले. मुलाला फीबद्दल विचारायचं होतं, मेसमध्ये काय मिळतं ते विचारायचं होतं. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, तिकडं सगळं इंग्लिशमध्येच असतं का?" माझंही दहावीपर्यंतचं शिक्षण जालना जिल्ह्यातल्या मराठी शाळेत झालेलं, त्यामुळे तिच्या पोटात काय चाललंय ते मला न सांगता कळलं. दारात उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही, ते इथं नीट लिहिते. मी पुण्यात चार वर्षं शिकले. प्रोटेस्टंट सेमिनरीतली बी.डी. मला माहीत आहे, तेवढ्याबद्दलच बोलते. कॅथलिक धर्मगुरूंचं प्रशिक्षण याहून बरंच लांब आणि वेगळ्या शिस्तीचं असतं.

आधी कागदपत्रं, म्हणजे तो विषय संपला. बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, पदवीधरांसाठी चार वर्षांची. बऱ्याच सेमिनऱ्यांची ही पदवी सेरामपूरच्या सिनेटची, म्हणजे तिथल्या पदव्या देणाऱ्या मंडळाची असते. पश्चिम बंगालात हुगळीकाठी विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी 1818 मध्ये कॉलेज काढलं आणि 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. तेच हे सेरामपूर. याच कॅरीने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं, हे लक्षात असू द्या, वर्गात उपयोगी पडेल. बाप्तिस्म्याचा दाखला, मंडळीच्या कमिटीचं आणि पाळकांचं शिफारसपत्र, गुणपत्रिका आणि डॉक्टरांचा दाखला यांच्या चार-चार प्रती काढा. शिफारसपत्र शेवटच्या आठवड्यात मागू नका, कमिटीची सभा तुमच्या सोयीने भरत नाही. मुलाखतीत "तुला पाचारण कसं झालं?", म्हणजे देवाने या सेवेला कसं बोलावलं, हे विचारतीलच. त्याचं उत्तर पाठ करून जाऊ नका. घडलं असेल तेवढंच सांगा, अडखळलात तरी चालेल. पैशांचं मात्र स्पष्ट विचारून घ्या: मंडळी किती देणार, डायोसिस (धर्मप्रांत) किती देणार आणि पुढच्या वर्षी ते चालू राहणार का. संकोचापोटी हा प्रश्न न विचारलेले माझे दोन वर्गमित्र दुसऱ्या वर्षी फार हाल सोसून शिकले.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. होय, सगळं इंग्रजीत असतं. वर्ग, पुस्तकं, असाइनमेंट, परीक्षा आणि बहुतेक सकाळची चॅपल, म्हणजे रोजची प्रार्थनासभासुद्धा. शेजारी मिझोरामचा, समोर आंध्रचा, मागे केरळचा विद्यार्थी बसलेला असतो. सगळ्यांना जोडणारी भाषा दुसरी कुठली असणार? पहिले दोन महिने मला प्राध्यापकांचं निम्मं बोलणं कळत नव्हतं. मी लिहून घ्यायचे आणि रात्री शब्दकोश घेऊन बसायचे. एका वरच्या वर्गातल्या ताईंनी मला एक युक्ती दिली, तीच तुम्हाला देते.

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात इंग्रजी शब्द लिहा. दुसऱ्यात आपल्या पवित्र शास्त्रातला मराठी शब्द लिहा, कोशातला नाही. जस्टिफिकेशन म्हणजे नीतिमान ठरवणं, इन्कार्नेशन म्हणजे देहधारण, रिकन्सिलिएशन म्हणजे समेट. हे दोन रकाने कोणीही भरेल. तिसऱ्या रकान्यात आपल्या आजीला हे कसं सांगाल ते लिहायचं. माझ्या वहीत 'समेट'समोर लिहिलंय: "बांधावरून भांडलेले दोघं भाऊ बाराव्याच्या पंगतीला शेजारी बसले आणि थोरल्याने धाकट्याच्या ताटात वाढलं." हे माझ्याच घरात झालेलं होतं. परीक्षेत समेटावर प्रश्न आला तेव्हा मी आधी ते दोघे भाऊ डोळ्यापुढे आणले आणि मग इंग्रजीत लिहायला घेतलं. जो शब्द तिसऱ्या रकान्यात भरता येत नाही तो आपल्याला कळलेलाच नसतो, मग इंग्रजीत कितीही सफाईने वापरा. 'देहधारण'समोरचा रकाना माझा वर्षभर कोरा होता.

चार वर्षांच्या शेवटी परत याल ते मराठी मंडळीत. व्यासपीठावर उभं राहिल्यावर समोर ऊसतोडीवरून आलेलं कुटुंब असेल, शाळेतले गुरुजी असतील, नवरा गेलेली बाई असेल. इंग्रजीत शिकलेलं मराठीत आणायचं काम चौथ्या वर्षी एकदम होत नाही, ते रोज संध्याकाळी अर्धा तास करावं लागतं. माझ्याबरोबरचे काही हुशार विद्यार्थी इंग्रजीत सुंदर उपदेश करायचे. गावी आल्यावर त्यांना मराठीत प्रार्थना करताना शब्द सुचेनात. मला त्यांचं फार वाईट वाटायचं, कारण चूक त्यांच्या बुद्धीची नव्हती.

ग्रीक आणि इब्री (हिब्रू) या बायबलच्या मूळ भाषा, त्यांची सगळ्यांनाच धास्ती असते. मराठी मुलांनी तर ती मुळीच बाळगू नये. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर अर्धं ग्रीक तुमच्या खिशात आहे. इंग्रजीत वाढलेल्या मुलाला विभक्ती म्हणजे काय इथपासून शिकावं लागतं. आपण 'देवः, देवम्, देवाय, देवस्य' घोकलेलं असतं. ग्रीकमध्ये 'शब्द' या अर्थी लोगोस. त्याची द्वितीया लोगॉन, षष्ठी लोगू, चतुर्थी लोगो आणि संबोधन लोगे. वर्गात हा तक्ता फळ्यावर आला तेव्हा मी वहीत प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी अशी नावं टाकली आणि मनातली भीती गेली. 'मी देतो' याला ग्रीकमध्ये दिदोमि म्हणतात, संस्कृतात ददामि. 'आहे' याला एस्ति, आपलं अस्ति. पातेर म्हणजे पिता, ओनोमा म्हणजे नाम. ग्रीकची मुळाक्षरं 24, इब्रीची 22. इब्री उजवीकडून डावीकडे लिहितात. पहिल्या आठवड्यात अक्षरं हाताला बसेपर्यंत दुसरं काही करू नका. रोज वीस मिनिटं लिहा, रविवारी सोडून. परीक्षेआधी चार रात्री जागून इब्री क्रियापदं येत नाहीत, हे मी करून पाहिलंय.

आणखी एक देणगी मराठीने आपल्याला दिली आहे. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन लिंगं आहेत. आत्म्यासाठी इब्रीत 'रूआख' शब्द आहे, तो बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी. ग्रीकमध्ये 'प्न्यूमा', नपुंसकलिंगी. आणि आपण म्हणतो 'तो आत्मा'. इंग्रजी वाचणाऱ्याला नामाचं हे लिंग दिसतच नाही. आपल्याला ते कानाला लगेच लागतं आणि विचार सुरू होतो: देवाच्या आत्म्याबद्दल बोलताना आपण त्याला पुरुषच का समजतो? माझा दुसऱ्या वर्षाचा एक पेपर या एका प्रश्नावर उभा राहिला.

भाषा शिकायचा कंटाळा आला की पुण्याहून दौंडच्या गाडीत बसा आणि केडगावला जाऊन या. पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी काढलेलं मुक्ती मिशन तिथं आहे. संस्कृतची एवढी मोठी विदुषी, कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली. त्या बाईंनी वय वाढल्यावर इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही साध्यासुध्या बायकांना वाचता यावं अशा मराठीत. 1922 मध्ये त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते भाषांतर पूर्ण छापून निघालं. छपाईचं काम मुक्तीतल्या बायकामुलींनीच केलं. तिथून परत येताना गाडीत मी शब्दांच्या चिठ्ठ्या काढून बसले. त्यानंतर इब्रीला पुन्हा अवघड म्हटलं नाही.

असाइनमेंट लिहायची माझी रीत सांगते. एखाद्या उताऱ्यावर लिहायचं असेल तर आधी तो मराठीत मोठ्याने वाचा. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र, रमाबाईंचं भाषांतर, मिळालं तर सुबोध बायबल अशी निदान दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवा. जिथं त्यांचे शब्द वेगळे पडतात तिथं पेन्सिलने खूण करा, बहुतेक वेळा मूळ भाषेतली अडचण तिथंच असते. मग मूळ ग्रीक किंवा इब्री काढून आपलं स्वतःचं मोडकंतोडकं भाषांतर लिहा. टीकाग्रंथ, म्हणजे अभ्यासकांनी उलगडून लिहिलेली पुस्तकं, सगळ्यात शेवटी उघडा. ते आधी उघडले की त्यातलीच मतं आपली वाटू लागतात आणि पेपरभर दुसऱ्याचा आवाज घुमतो. स्तोत्र 136 वर लिहिताना मला 'हेसेद' हा एकच इब्री शब्द पुरला. 26 ओव्यांचं स्तोत्र आणि प्रत्येक ओवीत तो शब्द येतो. आपल्याकडे त्याचं भाषांतर 'दया' केलंय. पण दया वरून खाली येते, आणि हेसेदमध्ये नातं न सोडणंही आहे. माझ्या आजीच्या भाषेत सांगायचं तर 'धरलेला हात न सोडणं'.

लायब्ररीची ओळख पहिल्याच आठवड्यात करून घ्या. बहुतेक ठिकाणी ड्युई पद्धत असते: 220 च्या रांगेत बायबलवरची पुस्तकं, 230 मध्ये ईश्वरविज्ञान, 270 मध्ये मंडळीचा इतिहास. एवढं कळलं की दर वेळी ग्रंथपालांना विचारावं लागत नाही. वाचताना पुस्तकाचं नाव, प्रकाशन आणि पान नंबर तिथल्या तिथं टिपा. तळटीप आठवून लिहिता येत नाही. आणि दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून लिहू नका. ज्या गोष्टीवर आपण उद्या उपदेश करणार, ती आज पेपरात मोडायची, हे बरं नाही.

आता जे बोलायला मला सगळ्यात जड जातं ते लिहिते. सेमिनरीत तुमचा विश्वास हलेल. पहिल्या वर्षी जुन्या कराराच्या वर्गात सरांनी उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला आणि दुसरा अध्याय शेजारी शेजारी वाचायला लावला. पहिल्यात सगळीकडे 'देव' आहे, दुसऱ्यात चौथ्या ओवीपासून 'परमेश्वर देव' सुरू होतं. आपल्या मराठी शास्त्रातही ते स्पष्ट दिसतं, मी मात्र लहानपणापासून वाचूनही पाहिलेलं नव्हतं. पुढे ऐकलं की बायबलची पहिली पाच पुस्तकं वेगवेगळ्या काळच्या वेगवेगळ्या परंपरांमधून विणली गेली, असं अनेक अभ्यासक मानतात. मोशेने लिहिलेली पाच पुस्तकं असं संडेस्कूलमध्ये शिकलेली मी त्या रात्री झोपले नाही. नंतर मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट आला. व्हॅटिकनस आणि सिनायटिकस या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांमध्ये ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीपाशी थांबतं. कबरेपासून पळणाऱ्या, भ्यालेल्या स्त्रियांपाशी.

त्या नाताळात गावी गेले आणि मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाला मी हे उत्साहाने सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत. उठले आणि घरी गेले. मला बायबल वाचायला शिकवणारा हा माणूस, आणि मी त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेतल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. सांगितलं की मलाच अजून नीट समजलेलं नाही. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "पोरी, आधी तू पचव. मग आम्हाला भरव."

म्हणून माझं सांगणं असं. वर्गात नवं ऐकलं की लगेच पुढच्या रविवारी ते व्यासपीठावर नेऊ नका. 'हे सगळं नास्तिकांचं' म्हणून कानही झाकू नका. दोन्हींची घाई नको. ज्या प्राध्यापकांनी धक्का दिला त्यांच्याच दारावर जा. आमचे सर रोज पहाटे गुडघ्यावर असायचे, हे मला त्यांच्याकडे गेल्यावरच कळलं. त्या महिन्यांत स्वतःच्या शब्दांत प्रार्थना होत नसेल तर स्तोत्रं वाचा. स्तोत्रकर्त्यांनी देवाला आपल्यापेक्षा कडक प्रश्न विचारलेले आहेत. आज मार्कच्या त्या आठव्या ओवीवर मी पुनरुत्थानाच्या रविवारी बोलते. भ्यालेल्या बायकांवर देवाने एवढी मोठी बातमी सोपवली, हे आमच्या मंडळीतल्या बायकांना सगळ्यात जास्त भिडतं. पण ते पचायला मला सहा वर्षं लागली.

एकत्र राहणं हा अभ्यासक्रमात न छापलेला विषय, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. माझी रूममेट नागालँडची. पहिल्या महिन्यात तिच्या घरून अखुनी आली, आंबवलेलं सोयाबीन. होस्टेलच्या छोट्या स्वयंपाकघरात ती ते शिजवायला लागली तसा वास मजलाभर पसरला. दोघी-तिघींनी नाकाला पदर लावला, कोणीतरी वॉर्डनकडे गेलं, आणि मी खोलीचं दार आतून लावून घेतलं. रात्री ती आली, काही न बोलता भिंतीकडे तोंड करून झोपली. मला आठवलं, आमच्या घरी सुकट भाजली की शाळेत माझ्या शेजारी कोण बसायचं आणि कोण उठायचं. सकाळी मी तिला तेच सांगितलं, सुकटीची गोष्ट, आणि चुकले म्हणाले. पुढच्या रविवारी तिने पुन्हा अखुनी केली आणि मी खरंच खाल्ली. माझा ठेचा तिने तिच्या राजा मिरचीशेजारी ठेवून खाल्ला आणि म्हणाली, "हा तर लहान मुलांचा." चार वर्षं आमची ताटं एकत्र होती.

मेसच्या भातावर आणि पातळ डाळीवर फार बोलू नका. भाकरीची आठवण येईल, ती येऊ द्या. वर्क ड्यूटी मिळेल: भाजी चिरणं, चॅपल झाडणं, बागेला पाणी. ती टाळणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो. वाद होतील, बाप्तिस्मा लहान बाळाला द्यावा की मोठेपणी, अन्यभाषा (प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणं), स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा. आमच्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्त्रियांना दीक्षा मिळते, पण सगळ्याच पंथांत नाही. मला एका वर्गबंधूने तोंडावर सांगितलं होतं की तुझं इथं काम नाही. मी भांडले नाही. पौलाची पत्रं ग्रीकमध्ये त्याच्याच शेजारी बसून तीन सेमिस्टर वाचली. तो बदलला असं म्हणणार नाही, पण माझ्या पहिल्या उपदेशाला तो पुढच्या बाकावर येऊन बसला. वादाचा एकच नियम पाळा: समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत आधी मांडून दाखवा, मग खोडा. आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी बोलून मगच प्रभुभोजनाला जा. महिनाभर अबोला धरून एकाच प्याल्यातून घेणं फार जड जातं.

शनिवार-रविवार फील्डवर्क असतं. कधी शहरातली मंडळी, कधी वस्ती, कधी दवाखाना. दवाखान्यातला माझा पहिला दिवस मी विसरणार नाही. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात एक मराठी ख्रिस्ती आजी होत्या, सोबत कोणी नव्हतं. मी शास्त्र वाचलं, प्रार्थना केली. त्या म्हणाल्या, "बाई, एखादं टिळकांचं गाणं म्हण." नारायण वामन टिळकांची भजनं ऐकतच मी मोठी झाले होते. एक धृपद आठवलं, पुढचं कडवं आठवेना. चॅपलमधली इंग्रजी गाणी तेवढी ओठांवर येत होती. आजींनीच डोळे मिटून, श्वास घेत घेत, ते भजन शेवटपर्यंत म्हटलं आणि मी त्यांचा हात धरून बसले. त्या रात्री घरी फोन करून 'उपासना संगीत' हे मराठी गीतांचं पुस्तक पोस्टाने मागवलं. तेव्हापासून शनिवारी कपडे धुताना आठवड्याला एक गीत पाठ, असं चार वर्षं केलं. तुम्ही ते पुस्तक पहिल्याच दिवशी बॅगेत घाला. पेटी किंवा ढोलकी वाजवता येत असेल तर सोडू नका. महिन्यातून एकदा चॅपलमध्ये मराठी भजन लावायची परवानगी मागा. टाळ घुमले की मिझो मुलं सगळ्यात आधी ठेका धरतात.

बारीकसारीक आणखी थोडं. पहिल्या महिन्यात रोज रात्री घरी फोन करू नका, दोन्हीकडची झोप जाते. आठवड्याचे दोन वार ठरवा. चष्म्याचा नंबर जायच्या आधी तपासून घ्या. मन फार खचलं, झोप उडाली, तर 'मी तर पाळक होणार, मला कसं असं होईल' असं म्हणत लपवू नका. वॉर्डनला, समुपदेशकाला सांगा, डॉक्टरकडे जा. मी तिसऱ्या वर्षी गेले होते आणि वेळेवर गेले.

दोघांनी शनिवारी संध्याकाळी घरी या. माझं ग्रीकचं व्याकरण, समासात विभक्तींची मराठी नावं लिहिलेलं, कपाटातून काढून ठेवलंय. दोन कोऱ्या वह्याही आणल्यात, रकाने मी आखून देते. नाताळात याल तेव्हा वह्या सोबत आणा. तिसऱ्या रकान्यात काय काय लिहिलंत ते मला वाचायचंय.